दारातला चौथा जोड

१

योगिनीच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, हे कळायला हाका मारायची गरज नसे. दार उघडलं की डाव्या हाताला बूट ठेवायची लाकडी मांडणी होती. तिच्याकडे नजर टाकली की झालं. अभिरामचे काळे बूट असले तर तो घरी. वैदेहीचे लाल बूट असले तर ती घरी. स्वतः योगिनी घरी आहे की नाही, हे तिला सहसा ठाऊक असे. तीन माणसं, तीन जोड. बाकीची पायताणं वरच्या कपाटात, खोक्यांत बंद. दारात फक्त रोजचा जोड, हा तिचा कायदा होता.

बाडहूव्हडॉर्पसारख्या डच गावात हा कायदा राबवणं म्हणजे रोजची लढाई. इथली चांगली शिकलीसवरलेली माणसं बाहेरचा चिखल घेऊन थेट सोफ्यापर्यंत येतात आणि वर कॉफी मागतात. बॉयलर तपासायला आलेल्या एका साडेसहा फुटी माणसाला तिने दारातच बूट काढायला लावले होते. मोज्याच्या भोकातून डोकावणारा अंगठा लपवत तो बिचारा जिना चढला. त्यानंतर आठवडाभर अभिराम तिला इमिग्रेशन ऑफिसर म्हणत होता.

सहा वर्षांच्या वैदेहीच्या अंगात मात्र हा कायदा भिनला होता. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर डचमध्ये यायचं. पण घरात पाऊल पडायच्या आत बूट निघायचे आणि शेजारी शेजारी लागायचे, टोकं दाराकडे करून, म्हणजे निघताना नुसते पाय घालायचे. तिचा दुसरा कायदा शाळेतून आला होता. 'ओम दे बर्ट', म्हणजे आळीपाळीने. झोका ओम दे बर्ट, रंगपेटी ओम दे बर्ट. एकदा अभिराम तिला रागावला, तेव्हा ती शांतपणे आईकडे वळून म्हणाली होती, "आता तुझी पाळी."

विमानतळ जवळ. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं आणि जिन्याचा कठडा बारीक थरथरायचा. घरातले लहानसहान आवाज त्यात बुडून जायचे. योगिनीला इतक्या वर्षांत त्याची सवय झाली होती.

२

लग्नानंतर अभिरामच्या व्हिसावर ती इथे आली, तेव्हा चेन्नईच्या संस्थेतून घेतलेलं पादत्राणांचं शिक्षण तिच्या पदरी होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. पहिली दोन वर्षं भाषा शिकण्यात आणि विमानं बघण्यात गेली. मग एका रविवारी, जुन्या ऱ्हाइनच्या काठावरच्या एका छोट्या संग्रहालयात, काचेआडच्या रोमन चपलेची नक्कल बघून तिच्या तोंडून निघून गेलं की ही वादी चुकीच्या बाजूने शिवली आहे. शेजारी उभी असलेली उंच बाई म्हणजे तिथली चामड्याची जाणकार, हान्नेके. रागावण्याऐवजी तिने योगिनीचा फोन नंबर घेतला.

तेव्हापासून योगिनी घरच्या मागच्या खोलीत आरी आणि मेणाचा दोरा घेऊन रोमन माणसांचे जोडे शिवत होती. शिपायांचे तळव्याला खिळे ठोकलेले, बायकांचे घरात घालायचे पातळ सपाते, टोग्याखाली घालायचे बंद जोडे. टोगा नेसून चपला घालून बाहेर पडणं त्यांच्यात फार वाईट दिसायचं, हे ऐकल्यापासून तिला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटू लागली होती. इथली माती कायम ओली, म्हणून दोन हजार वर्षांचं चामडं तिच्यात टिकून राहतं. हान्नेके ते पाण्याच्या डब्यांत ठेवायची, मऊ ब्रशाने धुवायची, पारदर्शक कागदावर रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. मग तो कागद योगिनीकडे यायचा.

नोव्हेंबरात हान्नेकेने डब्याचं झाकण उघडून तिला एक बूट दाखवला. एका अखंड तुकड्याचा, वर दोरी ओवायला कातरलेल्या पाळ्या. लहान मुलाचा, डावा. एका बुजलेल्या विहिरीत सापडलेला.

"मुलीचा असावा," हान्नेके म्हणाली. "तसं खात्रीने नाही सांगता येत. टाच बघ."

टाच बाहेरच्या अंगाने झिजून पातळ झाली होती. आत बोटांचे ठसे स्पष्ट होते. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. योगिनीला ते पाऊलच डोळ्यांसमोर दिसलं. बाहेरच्या कडेवर भार टाकून, थोडं घाईघाईने चालणारं.

"मुलांना हात लावून बघायला एक नक्कल हवी," हान्नेके म्हणाली. "फक्त डावा."

"आणि उजवा?"

"उजवा सापडला नाही. जे सापडत नाही, ते आपण बनवत नाही."

योगिनीने मान हलवली खरी, पण घरी येऊन डावा शिवून झाला आणि तिचे हात शिवशिवायला लागले. एकटा बूट तिला बघवेना. ज्याचा एक बूट हरवलाय तो माणूस कुठे जाणार, असं काहीतरी तिच्या मनात येत राहिलं. डाव्याच्या झिजेवरून उजव्या पायाचा अंदाज बांधत तिने दोन दिवसांत दुसराही शिवला. चांगला जमला. खरं सांगायचं तर डाव्यापेक्षाही चांगला.

३

तेल पाजलेलं चामडं चार दिवस मुरू द्यावं लागतं. जोडे टेबलावर ठेवायचे नाहीत ही माहेरची शिस्त. मागच्या खोलीत हीटर कडक. उरली दारातली मांडणी. लाल बुटांशेजारी तिने तो चिमुकला जोड लावला, टोकं दाराकडे केली, आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी वैदेहीला शाळेत सोडून, भाजी घेऊन ती परत आली. दार उघडलं. मांडणीकडे नजर गेली आणि मनाने रोजच्यासारखा हिशोब केला, घरी कोणीतरी आहे.

मग तिला हसू आलं. आपणच ठेवलेला जोड. तिने पिशव्या आत नेल्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं. पण ते मघाचं वाक्य डोक्यातून जाईना. रिकाम्या घरात माणूस कसा वावरतो आणि घरात दुसरं कोणी असताना कसा वावरतो, यात फरक असतो. ती दिवसभर दुसऱ्या तऱ्हेने वावरली. न्हाणीघराचं दार लावून घेतलं. फोनवर आईशी बोलताना आवाज खाली ठेवला. आई म्हणाली, "कोणी आलंय का गं?"

"नाही. का?"

"पाहुणे असल्यासारखी बोलतेयस."

दुपारी तिने जोड हातात घेतला. आतून ओलसर होता. तेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण तेलाचा ओलावा बोटांना चिकटतो, आणि हा चिकटत नव्हता. तिने बोट नाकाशी नेलं. तळघरातल्या मातीसारखा गार वास होता. आणि जोड ठेवताना लक्षात आलं की टोकं घराच्या आत वळलेली होती, कोणी घाईने काढून ठेवावेत तशी.

४

"वैदू, हे छोटे बूट तू घातलेस?"

"नेए," वैदेही डचमध्ये नाही म्हणाली. खोटं बोलताना ती मराठीत बोलायची, म्हणून योगिनीने विश्वास ठेवला. तरी तिने तो बूट वैदेहीच्या पायाला लावून पाहिला. अर्ध्यातच अडकला.

"त्यात काही नव्हतं ना," वैदेही डचमध्ये म्हणाली, "म्हणून मी संत्रं ठेवलं."

ते दिवस सिंटरक्लासचे. इथली पोरं झोपण्याआधी दारात बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. वैदेहीला तिच्या लाल बुटात छोटं संत्रं मिळालं होतं, शेजारच्या बुटात काहीच नव्हतं, तिने आपलं त्यात टाकलं होतं. योगिनीला पोरीचं कौतुक वाटलं. मग तिने मांडणीखाली वाकून पाहिलं. संत्र्याचं साल तिथे पडलं होतं, एका अखंड फितीत सोललेलं. वैदेहीला अजून संत्रं सोलता येत नव्हतं. अभिरामला आंबट आवडत नव्हतं.

"अगं, मी सोलून दिलं असेल," संध्याकाळी अभिराम म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मला आठवत नाही. योगिनी, तू ते बूट दोन आठवडे रात्रंदिवस डोक्यात घेऊन बसलीयस. दे टाकून एकदा."

त्याचं म्हणणं रास्त होतं. तिलाही तेच वाटत होतं. पण कामाची सवय अशी जात नाही. कुठला तळवा कुठे टेकतो हे बघायला ती खडू वापरायची. सकाळी वैदेहीला घेऊन निघताना तिने दोन्ही चिमुकल्या तळव्यांना शिंप्याचा पांढरा खडू घासला आणि जोड होता तसा लावला. आपण काय करतोय हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

परत आली तेव्हा बाहेरच्या फरशीवर, कुंडीपासून दारापर्यंत, पांढरे ठसे होते. लहान पावलं. डाव्या टाचेची बाहेरची कड ठळक, आतली पुसट. सगळी दाराकडे येणारी. परत जाणारं एकही नव्हतं.

आत, लाकडी जमिनीवर, खडूचा कणही नव्हता. जे कोणी आलं, त्याने उंबऱ्यापाशी जोडे काढून ठेवले होते. योगिनीच्या घरची रीत पाळली होती. तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची.

५

शुक्रवारी सकाळी तिने जोड खोक्यात घातला, खोकं दोरीने बांधलं आणि बसने संग्रहालय गाठलं. दुपारी वैदेहीला आणायचं काम वृंदाकडे होतं. वृंदा पलीकडच्या गल्लीतली, तिची प्रांजली वैदेहीच्याच वर्गात. अभिराम शुक्रवारी घरूनच काम करायचा. काही काळजी नव्हती.

हान्नेकेने खोकं उघडलं आणि भुवया वर केल्या. "दोन?"

"एकटा बघवेना."

"मी सांगितलं होतं तुला." ती रागावली नव्हती, पण उजवा तिने वेगळ्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. "फक्त डावा बाहेर मांडणार. चालेल ना?"

"चालेल," योगिनी म्हणाली. कुलपाचा आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता. रोजच्या मानाने तिने कॉफीही बरीच गोड घेतली.

हान्नेके भिंतीवर लावायचा नवा मजकूर तिला वाचून दाखवत होती. "हे तुला आवडेल. रोमन माणूस जेवायला कोणाकडे गेला की चपला काढून मग आडवा व्हायचा. गुलाम त्या सांभाळायचा. आणि निघायचं झालं की पाहुणा म्हणायचा, माझ्या चपला आणा. चपला मागितल्या म्हणजे तो निघाला."

"आमच्याकडेही असंच," योगिनी हसली. "लग्नात नवऱ्यामुलाचे बूट लपवतात. बूट मिळाल्याशिवाय त्याला जाता येत नाही."

"बघ. म्हणजे यजमानाने चपला लपवल्या की पाहुणा अडकला."

दोघी हसल्या. योगिनी बसमध्ये बसली, खिडकीबाहेर हिरवी सपाट शेतं आणि कालवे मागे पडू लागले. तिसऱ्या थांब्यापर्यंत ती मजेत होती. मग हान्नेकेचं शेवटचं वाक्य तिला पुन्हा आठवलं. तिने काल ठसे पाहिले होते. सगळे आत येणारे. आणि आज ती स्वतःच्या हाताने जोडे घराबाहेर घेऊन आली होती.

६

अडीच वाजता तिने दार उघडलं. मांडणीवर अभिरामचे काळे बूट होते. लाल बूट नव्हते.

अभिराम स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर, कानात इअरफोन घालून बसला होता. "वैदू आली?" तिने विचारलं.

त्याने एक कान मोकळा केला. "वर आहे. कधीची आलीय. मी कॉलवर होतो."

"तू पाहिलंस तिला?"

"ऐकलं. जिन्यावर पळत होती."

डोक्यावर छतात पावलं वाजली. अनवाणी, हलकी, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अभिरामने वर बोट दाखवलं, हे बघ, अशा अर्थाने, आणि पुन्हा कान बंद केला.

योगिनी जिन्यापाशी गेली. पायऱ्यांवर पाणी होतं. फार नाही, धुतलेला हात झटकावा इतकं. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेला उत्तर आलं तर काय करायचं, हे तिला सुचेना.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात वृंदा होती, एका हाताला प्रांजली, दुसऱ्या हाताला वैदेही. "सॉरी गं, उशीर झाला. वाचनालयात बसल्या होत्या दोघी, उठायलाच तयार नाहीत. तुला मेसेज केला होता मी."

वैदेही आत शिरलीसुद्धा. योगिनी म्हणाली, "वैदू, बूट काढू नकोस."

या घरात हे वाक्य कधी कोणी उच्चारलं नव्हतं. वैदेहीने आईकडे असं पाहिलं, जणू आई चेष्टा करते आहे. बूट तर निघालेही होते. ती ते मांडणीवर लावत होती, टोकं दाराकडे.

पावलं वरच्या खोलीतून निघून जिन्याच्या डोक्याशी आली आणि उतरू लागली. खालून पाहिलं तर छताच्या कडेमुळे वरच्या पायऱ्यांवरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात, गुडघ्यापर्यंत. योगिनीला दोन लहान पाय दिसले, थंडीने निळसर. त्यांच्यावर जाड्याभरड्या लोकरीची तपकिरी कड, ओली, तिच्यातून थेंब गळत होते. डावा पाय बाहेरच्या अंगावर कलला होता. करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती. तो पाय तिने आयुष्यात पाहिला नव्हता, पण ओळखायला तिला क्षण लागला नाही.

तिने वैदेहीला मोज्यांसकट उचललं, वृंदाला खांद्याने बाजूला सारलं आणि बाहेर पळाली. सायकली लावतात त्या कोपऱ्यापर्यंत थांबली नाही. मग पोरीचे पाय जॅकेटमध्ये घेऊन चोळत राहिली. वृंदा मागून येत विचारत होती, "अगं काय झालं? घरात कोणी आहे का? पोलिसांना फोन करू?" वैदेही आईच्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे बघत होती. तिने हात हलवला आणि ती काहीतरी बोलली. डोक्यावरून विमान चाललं होतं. काय बोलली ते योगिनीला ऐकू आलं नाही.

पाच मिनिटांनी अभिराम बाहेर आला. "वर कोणीही नाही. कपाटंसुद्धा पाहिली. मागचं दार आतून बंद आहे." मग बायकोचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "चल घरी. थंडी आहे."

दारात मांडणीवर काळे बूट होते. लाल बूट नव्हते. सगळ्यांनी शोधले, मांडणीखाली, कुंडीमागे, रस्त्यावर. शेवटी वृंदा म्हणाली की गडबडीत कोणीतरी पायाने उडवले असतील, गेले असतील गटारात. योगिनीला हलकं वाटत होतं. लाजायला होईल इतकं हलकं. पाहुणीला निघायला बूट हवे होते, ते मिळाले, ती गेली. लाल बूट गेले तर गेले.

७

वैदेहीला नवे निळे बूट घेतले. डिसेंबर सरला. घरात पावलं वाजली नाहीत, पायऱ्या कोरड्या राहिल्या, दारात तीनच जोड. योगिनी पुन्हा फोनवर मोठ्याने बोलू लागली. आई म्हणाली, "आता कशी माणसासारखी बोलतेस."

जानेवारीत बर्फ पडून वितळला. त्या दुपारी योगिनी वैदेहीला स्वतः शाळेतून घेऊन आली, चिखल तुडवत, तिचा हात धरून. हात फार गार होता, पण दिवसच तसा होता. दारात पोरीने बूट काढले, नीट लावले आणि पहिल्या पायरीवर बसून ओले मोजे काढायला घेतले.

योगिनीने चिखल पुसायला निळे बूट उचलले, उलटे केले. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजली होती. महिन्याभराचा बूट, रबरी तळवा, आणि टाच तिरकी. वैदेही सरळ चालायची. तिच्या जुन्या बुटांचे तळवे योगिनीला पाठ होते.

"वैदू," ती बुटाकडेच बघत म्हणाली, "तुझे बूट अजून कोणी घालतं का?"

"हो."

"कोण?"

मोज्याशी झटापट चालली होती. मग पायरीवरून शांत, समजूतदार आवाज आला. "ओम दे बर्ट, आई."

योगिनीने बूट मांडणीवर ठेवले. टोकं दाराकडे केली. मग वळली, आणि पायरीवर डाव्या पायाचा मोजा हळूहळू उतरत होता तिकडे, करंगळी दिसायची वाट बघत उभी राहिली.